टाकीचे काय झाले?

परंडा तालुक्यातल्या सोनारीस काळभैरवनाथाच्या देवळात उभे राहिले, की दृष्टी दगडावर खिळते. तो घडवणाऱ्या टाकीची आठवण कोणालाच होत नाही. 'टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही' ही आपली म्हणही दगडाचीच कैफियत मांडते. घाव घालताना टाकी किती झिजली, किती वेळा भात्यात तापली, पुन्हा पाणी घेऊन परतली, हे म्हणीला सांगावेसे वाटले नाही. काळ्या पाषाणापुढे पोलादही बोथट होते, हे पाथरवटाला मात्र पक्के ठाऊक होते.

बोगदे खणणाऱ्या यंत्रांचा इतिहास हा मला याच झिजेचा पुढचा अध्याय वाटतो. अमेरिकेत चार्ल्स विल्सनने १८५० च्या दशकात हूसॅक बोगद्यासाठी फिरत्या चकत्यांचे यंत्र केले. ते जेमतेम तीन मीटर जाऊन थांबले. शतकानंतर जेम्स रॉबिन्सच्या यंत्रावर चकत्यांच्या जोडीला टोकदार दातही होते. १९५६ मध्ये टोरांटोत हंबर नदीच्या सांडपाणी बोगद्यात हे दात सारखे तुटू लागले, तेव्हा ते काढूनच टाकले आणि निव्वळ चकत्यांवर काम चालवून पाहिले. ते चालले! दात खडकाला खरवडत जातो. चकती त्यावर दाबून लोळते आणि दोन चकत्यांच्या वाटांमधला खडक कपच्यांनी सुटतो. खरवडण्यापेक्षा लोळण्यात झीज कमी, इतकेच त्यातले गुपित.

पुढची सारी विद्या चकतीला जगवण्याची. पोलाद फार कडक केले तर ते टवके देऊन फुटते, मऊ ठेवले तर कड पसरट होते. म्हणून झिजणारे कडे वेगळे घडवून मधल्या तुंब्यावर चढवतात. बैलगाडीच्या चाकाची धाव बदलावी तसे तेवढेच बदलता येते. काठावरच्या चकतीला प्रत्येक फेऱ्यात सर्वांत लांब वाट चालावी लागते, शिवाय बोगद्याचा व्यास तिच्यावरच ठरतो. ती थोडी झिजली, की तिला आतल्या जागी बसवून उरलेले आयुष्य वापरून घेतात. आतले बेअरिंग अडकले तर चकती लोळायची थांबते, एकाच अंगाने घासून चपटी होते आणि तिचा भार शेजारणींवर पडतो.

मुंबईच्या किनारी मार्गासाठी २०२१ ते २०२३ या काळात १२.१९ मीटर व्यासाच्या यंत्राने प्रत्येकी सुमारे दोन किलोमीटरचे दोन बोगदे खणले. यंत्राचे नाव 'मावळा'. (नाव ठेवण्यात आपण कधीच मागे नसतो!) अशा यंत्राच्या तोंडाशी दाबाखालचा गाळ असतो. कटर बदलायचे तर कधीकधी माणसांना पाणबुड्यांसारखे दाबाच्या हवेत शिरावे लागते आणि बाहेर येताना दाब हळूहळू उतरेपर्यंत थांबावे लागते. कटर जितके अधिक टिकेल, तितक्या या फेऱ्या कमी. यंत्राला नाव मिळाले. चकत्यांना मात्र जागेचे क्रमांकच असतात, आणि झिजेची नोंद त्या क्रमांकांपुढे मिलिमीटरमध्ये लिहिली जाते.