तलावाची हद्द कोणत्या वर्षाची?

आपल्या माळव्यातील मराठी घराण्यांची जी जुनी दप्तरे माझ्या पाहण्यात आली, त्यांत विहिरी, आमराया आणि इनामी शेते यांचे उल्लेख पानोपानी आढळले. तलावाचा उल्लेख मात्र क्वचित, आणि तोही शेताची चतुःसीमा सांगताना ‘पूर्वेस तळ्याची पाळ’ एवढ्यापुरता. विहीर घरची असते, तलाव गावाचा असतो. त्यामुळे त्याची नोंद सरकारदरबारी. ही नोंद बंदोबस्ताच्या वेळी एकदा होते आणि पुढे पिढ्यानुपिढ्या तिची नक्कल होत राहते. खसऱ्यात तलावापुढे क्षेत्राचा जो आकडा असतो, तो भाद्रपदातही तोच आणि वैशाखातही तोच. पाण्याला अर्थात हे ठाऊक नसते. नोकरीचा बहुतेक काळ असे आकडे वाचण्यात व त्यांवर सह्या करण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतर या विषयाचा नाद लागला, आणि त्यात उपग्रहांच्या चित्रांची मोठी मदत झाली. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

पाणी वाचण्याची सवय हाटपिपल्याच्या लोकांना नवी नाही. डोल ग्यारसीला नृसिंहाची पाषाणमूर्ती भमोरी नदीच्या पाण्यावर सोडतात आणि ती किती वेळा तरंगते यावरून पुढील वर्षाचा अंदाज बांधतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने पाहावा. परंतु त्या दिवशी सारे गाव काठावर उभे राहून यंदा नदीला पाणी किती आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. वर्षातून एकदा, ठरल्या तिथीला, ठरल्या जागी केलेली ही पाहणीच होय. आमच्या तलावांच्या वाट्याला अशी पाहणी कधी आली नाही.

वास्तविक तलाव हा माळव्याच्या इतिहासातील पहिल्या प्रतीचा विषय आहे. धारचे ‘साडेबारा तलाव’ सर्वश्रुत आहेत. मुंज तलाव हा दहाव्या शतकातील वाक्पती मुंज याच्या नावाने ओळखला जातो. धार व देवासचे पवार आपला वंश याच परमारांशी जोडीत असल्यामुळे मराठी राज्य आल्यावर या तलावांकडे पूर्वजांचे काम म्हणून पाहिले गेले असेल, असे मला वाटते. साडेबारांतील अर्धा कोणता, हे मी धारमध्ये चार वृद्धांना विचारले व चार उत्तरे मिळाली. तलाव मोजण्यातील अडचण तिथूनच सुरू होते.

सर्वांत मोठा तलाव तर आज अस्तित्वातच नाही. भोजपूरजवळ बेतवा आणि कालियासोत यांच्या पाण्यावर भोजराजाने बांधलेल्या सरोवराचे क्षेत्र एकोणिसाव्या शतकात किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने सुमारे २५० चौरस मैल ठरविले. त्याच्याजवळ ना पाणी होते ना नकाशा. बांधाचे अवशेष आणि भोवतालच्या जमिनीची उंची यांवरून त्याने जुना काठ शोधला. मांडूच्या होशंगशहाने (१४०६–१४३५) बांध फोडला. गोंडांमधील परंपरा अशी, की बांध तोडण्यास तीन महिने लागले, सरोवर रिकामे होण्यास तीन वर्षे, आणि तळ वस्तीयोग्य होण्यास तीस वर्षे. या तीन आकड्यांत अतिशयोक्ती असेलही, परंतु तलाव एका दिवसात मरत नाही हे त्यांत बरोबर सांगितले आहे. आज भोपाळ–इटारसी लोहमार्ग त्या तळावरून जातो. भोपाळचा मोठा तलाव त्यामानाने लहान: पूर्ण भरला असता सुमारे ३१ चौरस किलोमीटर, पाणलोट क्षेत्र ३६१. २००२ मध्ये तो रामसर यादीत गेला. आणि २००९ च्या उन्हाळ्यात इतका आटला, की नागरिकांनी श्रमदान करून त्याच्या पात्रातील गाळ उपसला. दोन्ही वर्षी सरकारी कागदावरचे क्षेत्र एकच होते.

आता आकाशातील डोळ्याविषयी. २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने जो उपग्रह सोडला, त्याच्या मालिकेला पुढे लँडसॅट हे नाव मिळाले. भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी गेला. लँडसॅटचा जुना साठा २००८ पासून सर्वांना विनामूल्य खुला झाला, आणि तेव्हापासून घरबसल्या एखाद्या तलावाची तीस-चाळीस वर्षे पाहणे शक्य झाले. यामागचे तत्त्व सोपे आहे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पाणी जवळजवळ सगळा शोषून घेते, हिरवे पीक तो परत फेकते. म्हणून त्या प्रकाशात घेतलेल्या चित्रात पाणी काळे आणि शेत उजळ दिसते. काळे चौकोन मोजले की क्षेत्र निघते.

मात्र माळव्यात हे सांगण्याइतके सोपे नाही. आपली काळी माती पाऊस पडून ओली झाली की चित्रातही काळवंडते आणि नवख्याला ती पाणी वाटते. उलट, तलावात शिंगाडे लावलेले असले तर आश्विन-कार्तिकात त्यांच्या पानांनी पाणी झाकते व भरलेला तलाव चित्रात हिरव्या शेतासारखा दिसतो. एका तलावाचे क्षेत्र मी प्रथम याच कारणाने निम्मे काढले होते. ऐन पावसाळ्यात तर ढगच दिसतात. म्हणून निरनिराळ्या वर्षांची तुलना करायची तर पावसाळा संपल्यानंतरचे एक व वैशाखातले एक, अशी दोन चित्रे प्रत्येक वर्षी घ्यावीत. खोली उपग्रहाला या पद्धतीने कळत नाही. गाळाने अर्धा भरलेला तलावही काठोकाठ भरला तर पूर्वीइतकाच दिसतो.

चौकोनाच्या आकाराचा प्रश्नही आहेच. १९७२ च्या उपग्रहाचा चौकोन सुमारे ८० मीटर बाजूचा, म्हणजे दीड एकराहून मोठा; एक एकराचे तळे त्यात मावून नाहीसे होई. पुढे तो ३० मीटरचा झाला, तेव्हा त्याच तळ्यात साडेचार चौकोन बसू लागले, पण काठावरचे निम्मे पाणी, निम्मी माती असे मिश्र. २०१५ साली गेलेल्या युरोपच्या सेंटिनेल-२ चा चौकोन १० मीटरचा. त्यात एकराचे तळे चाळीस चौकोनांचे होते. जुन्या चित्रात तळे दिसत नाही म्हणून ते नव्हतेच, असे म्हणता येत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकांस निराळे सांगायला नको.

आपल्या देवास जिल्ह्यात या फरकाला विशेष अर्थ आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कूपनलिका झाल्या, भूजल खाली गेले, आणि १९९० मध्ये देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. २००६ मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी भगीरथ कृषक अभियान सुरू केले: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा दहावा-विसावा हिस्सा तळ्यास द्यावा. या तळ्यांना ‘रेवासागर’ म्हणतात. टोंकखुर्दकडच्या भागाची २००५ ची आणि अलीकडची चित्रे शेजारी ठेवली, तर शेतांत काळे ठिपके देवीच्या व्रणांसारखे उगवलेले दिसतात. अशी तळी हजारोंनी झाली. सरकारी नोकरीत इतके चांगले काम जवळून पाहण्याचे भाग्य थोड्यांना मिळते.

तरीही मला एक शंका राहते. युरोपीय शास्त्रज्ञांनी लँडसॅटची सुमारे ३० लाख चित्रे तपासून २०१६ मध्ये दाखविले, की १९८४ ते २०१५ या काळात जगात ९०,००० चौरस किलोमीटरवरचे कायमचे पाणी नाहीसे झाले आणि १,८४,००० चौरस किलोमीटरवर नवे आले. एकूण बेरीज वाढीची; परंतु गेलेले पाणी बहुतांशी मध्य आशिया व पश्चिम आशियातले, आणि आलेले बहुतेक धरणांचे. अरल समुद्राच्या काठच्या कोळ्याला त्या बेरजेचा काय उपयोग? तसेच इथे. नवे तळे ज्याच्या शेतात आहे, तो त्याची कड रोज पाहतो. गावचे तलाव १९५९ च्या भू-राजस्व संहितेच्या २५१ व्या कलमाने शासनाकडे निहित झाले, आणि त्यांची कड पाहण्याचे काम आमच्यासारख्यांकडे आले.

ते मी कसे केले, हे सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. १९८७ चा पावसाळा देशभर फसला. पुढच्या चैत्रात नायब तहसीलदार म्हणून मी एका गावच्या तलावाची पाहणी केली. गावाचे नाव देत नाही. वरच्या अंगाला भेगाळलेली जमीन होती आणि तीत बाभळी उगवल्या होत्या. पटवाऱ्याने जरीब ओढली, पंचांचे अंगठे घेतले, आणि मी शेरा लिहिला की या सात बिघ्यांत पाणी येत नाही. त्या शेऱ्यावरून ती जमीन पुढे तलावाच्या नोंदीतून निघाली. काही वर्षांनी तिथे घरे झाली. माझ्या भाचीच्या मुलीने, जी भूगोल शिकते, मला १९९० च्या पावसाळ्यानंतरचे चित्र काढून दाखवले. त्यात सातही बिघे काळे आहेत.

गेल्या भाद्रपदात तिथल्या तीन घरांत पाणी शिरले. मी चित्राची प्रत घेऊन गेलो. तरुण पटवारी सौजन्यशील होता, त्याने चित्र लक्षपूर्वक पाहिले आणि विचारले, “साहेब, मग हद्द कोणत्या वर्षाची धरायची?” मी म्हणालो, सर्वांत ओल्या वर्षाची. त्याने खसऱ्याची नक्कल पुढे केली. शेऱ्याच्या रकान्याखाली माझी सही होती. मी सीमांकनासाठी अर्ज दिला आहे, त्या तीन घरांना पर्यायी जागा मिळावी असेही त्यात लिहिले आहे. तारीख पुढच्या वैशाखातली मिळाली. ती पावसाळ्यानंतरची मिळावी, म्हणून दुसरा अर्ज केला आहे.