अठ्ठावीस-दीड : भोपाळची सायकल आणि टायरच्या मापांचा इतिहास

भोपाळमधल्या दांडीवाल्या काळ्या सायकलीच्या टायरवर '२८ × १½' असे माप उठवलेले असते. मराठी घरांत त्याला 'अठ्ठावीस-दीड' म्हणतात, दुकानात 'अट्ठाईस-डेढ़'. पहिला आकडा हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास इंचांत सांगतो, दुसरा टायरची जाडी. टायर ज्या रिमवर चढवायचा तिचे माप मात्र या दोन आकड्यांत कुठेच लिहिलेले नसते, ते वजाबाकी करून काढावे लागते. २८ इंच म्हणजे ७११ मिलिमीटर. त्यातून वरचा दीड आणि खालचा दीड असे तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर, वजा केले की ६३५ उरतात. टायरची कड रिमवर जिथे टेकते तिथला व्यास बरोबर ६३५ मिलिमीटर असतो. म्हणजे आकडा मुळात खरा होता. पुढे त्याच रिमवर कमी-जास्त जाडीचे टायर बसू लागले, आकडा तसाच राहिला आणि त्यातून आजचा गोंधळ उभा राहिला.

हवेच्या टायरची कल्पना सायकलीपेक्षा जुनी आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले होते, पण ते घोडागाडीच्या चाकांसाठी होते आणि विस्मरणात गेले. १८८७ मध्ये बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि सायकलीचे नशीब पालटले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचे पेटंट रद्द झाले, तरी नाव डनलॉपचेच राहिले. त्यांचा टायर रिमला चिकटवलेला असे आणि पंक्चर काढायला तासन्‌तास लागत. खरा पल्ला गाठला तो १८९० च्या सुमारास. चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली आणि रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ ठेवली. विल्यम बार्टलेट यांनी रिमच्या वळलेल्या ओठात अडकणारी कड केली. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. भोपाळच्या फूटपाथवर आज टायर बदलला जातो तो वेल्चच्याच युक्तीने. एका बाजूची तार पन्हळीत ढकलली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि कड रिमबाहेर निघते. तार ताणायची नसते, हे ज्याला कळले त्याला टायर चढवायला जोर लागत नाही.

तारेची कड आली आणि रिमचा व्यास ही काटेकोर गोष्ट झाली. दोन-तीन मिलिमीटरने लहान टायर रिमवर चढतच नाही, मोठा असला तर हवा भरताना निसटतो. तरीही विक्रीचे माप बाहेरच्या व्यासाचेच राहिले. २६ इंचांचे टायर पाहिले म्हणजे याचा परिणाम दिसतो. २६ × १ ३/८ या टायरची रिम ५९० मिलिमीटरची, २६ × १½ ची ५८४ ची. दोन्ही आकडे वरच्या वजाबाकीने तंतोतंत निघतात. अमेरिकेत मात्र दोन इंच जाड टायरसाठी ५५९ मिलिमीटरची रिम आली आणि तिच्यावरचे टायर दशांशात लिहिले जाऊ लागले : २६ × १.७५, २६ × १.९५, २६ × २.१२५. म्हणून २६ × १½ आणि २६ × १.५० हे गणितात एकच असले तरी दुकानात वेगळे आहेत आणि त्यांच्या रिमांत २५ मिलिमीटरचा फरक आहे. अपूर्णांकाचा टायर दशांशाच्या रिमवर बसत नाही. हा एक नियम लक्षात ठेवला तरी निम्म्या चुका टळतात.

फ्रेंचांनी व्यास मिलिमीटरमध्ये आणि जाडी अक्षरात लिहिली. ७००-ए, ७००-बी, ७००-सी यांचा बाहेरचा व्यास सारखा, ७०० च्या आसपास. अक्षर जसे पुढचे तसा टायर जाड आणि रिम लहान : ६४२, ६३५, ६२२. यातले ७००-बी म्हणजे भोपाळचे अठ्ठावीस-दीडच. ७००-सी ची रिम आज जगभर शर्यतीच्या सायकलींना असते. पण अक्षरामागची जाडी केव्हाच सुटली आहे. ७०० × २३ सी हा बोटभर टायरही 'सी' आणि ७०० × ४५ सी हा जाडजूड टायरही 'सी'च.

भोपाळ संस्थानात विलायती माल सरळ येऊ लागला तो १८८० च्या दशकात, इटारसीपासून भोपाळपर्यंत रेल्वे आल्यावर. या मार्गाला नवाब शाहजहान बेगम यांनी पैसा दिला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानभर पसरलेली सायकल ब्रिटिश 'रोडस्टर' जातीची होती : उंच चौकट, दांड्यांचे ब्रेक, बंद चेनकव्हर आणि अठ्ठावीस-दीडची चाके. हे मोठे चाक इथल्या रस्त्यांना मानवले. खड्ड्यात ते लहान चाकापेक्षा कमी बुडते आणि दीड इंचाच्या टायरमध्ये माणसासह दुधाचे कॅन वाहण्याइतकी हवा मावते. डनलॉपने १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला कारखाना सुरू केला आणि टायर देशात बनू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मुंबईत वरळीला हिंद सायकल्स उभी राहिली. १९४२ मध्ये मलाया जपानच्या हाती गेल्यावर रबराची टंचाई आली. स्वातंत्र्याच्या आसपास आणि नंतर आसनसोल, मद्रासजवळचे अंबत्तूर, सोनिपत, लुधियाना असे कारखाने आले. सगळ्यांनी नमुना रोडस्टरचाच ठेवला, त्यामुळे ६३५ ची रिम देशाची झाली.

भोपाळसाठी १९५६ हे वर्ष निर्णायक ठरले. १ नोव्हेंबरला ते नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरच्या सचिवालयातले अनेक कर्मचारी फाइलींसह भोपाळला आले. ग्वाल्हेर-इंदूरकडून मध्य भारत राज्याचे कर्मचारी आले. यात मराठी कुटुंबे पुष्कळ होती. शासनाने वसवलेल्या वसाहतीचे नावही तात्या टोपे नगर. जुने सचिवालय कोहेफिजाच्या बाजूला, वसाहत तलावाच्या अलीकडे, आणि मध्ये कमला पार्कचा चढ-उतार. नागपूरच्या सपाटीवर सायकल चालवलेल्या माणसाला भोपाळच्या टेकड्यांनी टायरची वेगळी ओळख करून दिली. उतारावर ब्रेकने मागचे चाक आवळून घसरले की झीज मागच्या टायरच्या एकाच जागी होते आणि चढावर पायडलवर उभे राहिले की तोच टायर घासतो. मागच्या चाकावर भारही जास्त असतो, म्हणून मागचा टायर पुढच्यापेक्षा नेहमी आधी जातो. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स या कंपनीची स्थापना झाली आणि गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा ही कामगारांची नगरी उभी राहिली. तिथल्या पहिल्या पिढीचे रोजचे वाहन सायकल होते.

डिसेंबर १९५६ मध्ये संसदेने वजन-मापांचा नवा कायदा केला. पुढच्या काही वर्षांत शेर, मण, गज, मैल गेले, आणे-पै गेले. कापड मीटरने आणि दूध लिटरने मिळू लागले. सायकलीचा टायर मात्र इंचांतच राहिला. त्याच वेळी टायरवर रिमचा मिलिमीटरचा आकडा ठळक छापण्याची सक्ती झाली असती, तर तीन पिढ्यांचे कितीतरी पैसे वाचले असते. कारखान्यांना आणि दुकानदारांना मापे पाठ होती. चुकीचा टायर घरी घेऊन जायचे ते गिऱ्हाईक.

इंचांचा आणखी एक घोटाळा टायरचा नाही, चौकटीचा आहे. 'बावीस इंची सायकल' असे म्हणतात तेव्हा २२ इंच ही चौकटीची उंची असते, चाक अठ्ठावीसचेच. मध्य प्रदेश शासनाच्या निःशुल्क सायकल योजनेत दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना सहावीत १८ इंची आणि नववीत २० इंची सायकल मिळते. हेही चौकटीचे माप. या सायकलीसाठी 'वीस इंची टायर' मागितला तर दुकानदार लहान मुलाच्या सायकलीचा टायर काढून देतो. वीस इंचांतही पुन्हा दोन रिमा आहेत : दशांशाच्या टायरची ४०६ ची आणि अपूर्णांकाच्या टायरची ४५१ ची.

टायर कधी बदलायचा हे भोपाळच्या मिस्त्रींनी काटकसरीने ठरवले. टायरवर काप गेला तर जुन्या टायरचा तुकडा कापून, कडा तासून आतून बसवतात. त्याला 'गेटर' म्हणतात. गेटरवर टायर काही महिने निघतो, पण चाक फिरताना त्या जागी हलका ठोका बसतो. टायरवरची नक्षी झिजली म्हणून टायर लगेच टाकायचा नसतो. रबराखालचे सूत दिसू लागले, बाजूला फुगा आला, कडेची तार उघडी पडली किंवा बाजूच्या भिंतीला चिरा पडून बोटाने दाबल्यावर त्या उघडू लागल्या, तर मात्र एक दिवसही थांबू नये. मे महिन्यात सायकल उन्हात ठेवली की टायर फुटतो असे सगळेच म्हणतात. हिशेब असा की ४० पौंड हवा असलेला टायर २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापला तरी दाब सहाएक पौंडच वाढतो. धडधाकट टायर एवढ्याने फुटत नाही. ऊन उघडे पाडते ते कुजलेले सूत आणि सोल्यूशन सुटत आलेले पॅच.

ट्यूबचेही एक जुने अंग भोपाळमध्ये टिकून आहे. रोडस्टरच्या व्हॉल्व्हमध्ये धातूच्या बारीक नळीवर रबराची पातळ व्हॉल्व्हट्यूब चढवलेली असते. पंपाची हवा नळीच्या बाजूच्या भोकातून रबर उचलून आत जाते आणि आतला दाब तेच रबर परत भोकावर चिकटवतो. उन्हाने हे रबर चिकट होते, चिरते, आणि हवा रात्रीतून उतरते. म्हणून जाणता मिस्त्री ट्यूब बाहेर ओढण्याआधी व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावून बुडबुडा येतो का ते पाहतो. पंक्चर चाक न काढताच निघते, कारण चेनकव्हर आणि स्टँड यांतून मागचे चाक सोडवणे कष्टाचे असते. टायर बदलताना मात्र ते सोडवावेच लागते, आणि मजुरी वाढते ती तिथे. टायर काढल्यावर रिमच्या आतल्या बाजूने बोट फिरवून एखादा आरा वर आला आहे का ते पाहायचे, रिमपट्टी सरळ करायची, ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरायची, आणि टायर चढवायला व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. शेवटची वीतभर कड हाताच्या तळव्याने ढकलली तर चढते. तिथे टायर काढायच्या पट्टीचा जोर लावला की नव्या ट्यूबला चिमटा बसतो. मग टायरच्या बाजूची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते चाक फिरवून पाहतात. कुठे ती आत बुडाली असेल तर कड बसलेली नसते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जाड टायरच्या, आडव्या हँडलच्या सायकली आल्या आणि त्यांच्याबरोबर ५५९ ची रिम. २०१७ मध्ये भोपाळमध्ये ५०० सायकलींची सार्वजनिक भाडे-सायकल सेवा सुरू झाली, होशंगाबाद रस्त्याला सायकलमार्ग झाला आणि गिअरच्या सायकली चालवणारा वर्ग वाढला. आता दुकानात २७.५, २८, २९ आणि ७००-सी असे आकडे शेजारी टांगलेले असतात. यातले २९ इंची आणि ७००-सी एकाच ६२२ च्या रिमवर बसतात. गिअरच्या सायकलीचे '२८ इंच' हेही ६२२ च. २७.५ म्हणजे जुन्या २६ × १½ ची ५८४ ची रिम, नव्या नावाने. जुन्या शर्यतीच्या सायकलींचे २७ इंच मात्र ६३० चे, म्हणजे २९ पेक्षा मोठे. आणि या सगळ्यांत मोठी रिम अजूनही दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचीच आहे. तिच्यावर गिअरच्या सायकलीचा २८ चा टायर चढत नाही. १३ मिलिमीटर कमी पडतात.

हा गुंता सोडवणारा आकडा युरोपातल्या टायर आणि रिम उत्पादकांच्या ईटीआरटीओ या संघटनेने रूढ केला आणि आयएसओ ५७७५ या मानकात तो जगाने स्वीकारला. त्यात आधी जाडी आणि मग रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये : ४०-६३५, ३७-५९०, ४०-५८४, ५०-५५९. जाडी थोडी कमी-जास्त चालते, शेवटचे तीन अंक मात्र जुन्या टायरशी जुळलेच पाहिजेत. भारतात बनलेल्या बऱ्याच टायरांवर हा आकडा इंचांच्या मापाशेजारी लहान अक्षरांत असतो, धुळीने भरलेला. ओल्या फडक्याने पुसल्यावर तो दिसतो. टायर इतका झिजला असेल की काहीच वाचता येत नाही, तर मिस्त्री रिमवरचा ठसा पाहतो. तोही गंजला असेल तर जुना टायर जमिनीवर आडवा ठेवून त्यावर नवा ठेवतो आणि दोघांच्या कडेची तार एकमेकींवर बसते का ते बोटाने चाचपत गोल फिरतो.