रिकाम्या पुंगळीचा इतिहास

शोध कोणी लावला, एवढ्यावरच थांबलात तर इतिहास अर्धाच हाती लागतो. एक उदाहरण बघा. १८६० च्या दशकात काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरचे दोन प्रकार आले: अमेरिकन हायरम बर्डनचा आणि इंग्रज एडवर्ड बॉक्सरचा. गंमत म्हणजे पुढे अमेरिकेत रुळला बॉक्सरचा आणि युरोपात बर्डनचा! बॉक्सर प्रकारात मधोमध एकच छिद्र, त्यामुळे जळलेला प्रायमर सहज निघतो आणि पितळी पुंगळी पुन्हा वापरता येते. १८८४ मध्ये जॉन बार्लोने कनेक्टिकटमध्ये ‘आयडियल’ कंपनी काढली, ती काडतुसं घरी पुन्हा भरणाऱ्यांना अवजारं विकायची. म्हणजे वस्तूचं आयुष्य कारखान्यात संपत नाही. तेव्हा प्रबंधाचा विषय ठरवताना शोधकर्त्यापाशी थांबू नका. वापरून झाल्यावर लोक त्या वस्तूचं काय करत होते, तेही विचारा.