चंद्रबंदराची चांदी

चीनच्या फुजियान प्रांतातला लोंगहाई हा किनाऱ्यावरचा जिल्हा. प्रांतात डोंगर फार, शेतजमीन थोडी. म्हणून माणसे समुद्राकडे वळली. पण मिंग राजवटीने खासगी सागरी व्यापाराला बंदी केली होती. मग नदीमुखाजवळचे उथळ युएगांग, म्हणजे चंद्रबंदर, चोरट्या व्यापाराचे ठाणे बनले. अखेर १५६७ मध्ये बंदी सैल झाली आणि कालचे तस्कर परवाने घेऊन कर भरू लागले. रेशीम, चिनी मातीची भांडी मनिलाला जात. बदल्यात अमेरिकेतल्या खाणींची चांदी येई. पुढे युद्धे झाली, १६६१ मध्ये चिंग दरबाराने किनाऱ्यावरची वस्ती सक्तीने आत हलवली. बंदर मोडले, व्यापार शेजारच्या शियामेनकडे गेला. मिंग काळातल्या बंदीने व्यापार थांबला नव्हता. सरकारचा कर मात्र बुडत होता.