डाऊनव्होट नक्की कशासाठी असतो?

आजचा एपिसोड सरावलीतून, घरूनच रेकॉर्ड करतोय. मधेच बोईसरकडे जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

तर तारीख होती १२ एप्रिल १९९४. वेब तेव्हा नुकतंच रांगत होतं आणि लोक गप्पा मारायचे युजनेटवर. तिथे विषयवार हजारो ग्रुप असायचे. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधलं एक वकील जोडपं, लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल, यांनी एक प्रोग्रॅम चालवला आणि ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात पाच हजारांहून जास्त ग्रुपांमध्ये टाकली. लोक भयंकर चिडले. काहींनी चक्क बॉट लिहिले. अशी पोस्ट दिसली की ती रद्द करण्याचा मेसेज बॉटच पाठवायचा.

काम झालं. पण उद्या असाच बॉट कोणी नावडत्या माणसावर सोडला तर?

रॉब मालडाने १९९७ मध्ये स्लॅशडॉट सुरू केलं, तिथे याचं वेगळं उत्तर निघालं. कमेंट तपासायला आधी निवडक २५ जण होते, मग ४००, आणि नंतर ही जबाबदारी नेहमीच्या वाचकांकडेच आळीपाळीने आली. प्रत्येकाला ५ पॉइंट मिळायचे. ३ दिवसांत वापरले नाहीत तर गेले. ज्या चर्चेत मत दिलं तिथे स्वतः कमेंट करायची नाही. पंच आणि बॅट्समन एकच नको ना! मत देताना कारणही निवडायचं, आणि त्या यादीत 'मला पटलं नाही' हे कारणच नव्हतं. कमेंटचा स्कोअर −१ पर्यंत घसरला तरी ती पुसली जायची नाही. कोणाला वाचायचीच असेल तर वाचता यायची.

इंजिनिअर म्हणून मला ते ५ पॉइंटवालं कलम फार आवडतं. १ जीबी डेटा महिनाभर पुरवायचो तेव्हा व्हिडिओ उघडण्याआधी किती विचार करायचो, आठवतंय?

मराठीत 'ऐसी अक्षरे'वर प्रतिसादांना अशीच श्रेणी देता येते: मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, किंवा मग निरर्थक, भडकाऊ, खोडसाळ. 'खोडसाळ' हा शब्द निवडायचा तर प्रतिसाद आधी वाचावा लागतो. नुसता उलटा अंगठा दाबायला तेवढेही कष्ट नाहीत.

हे मी छातीठोकपणे सांगतोय, पण दोन वर्षांपूर्वी मीच माती खाल्ली. आमच्या भागातल्या लोकांसाठीच्या एका ॲपवर पलीकडच्या गल्लीतल्या एक काकी नळाच्या पिवळट पाण्याचा तोच फोटो रोज टाकायच्या. चौथ्या दिवशी मी वैतागून 'स्पॅम' दाबलं आणि मित्रांनाही दाबायला सांगितलं. सहा-सात मतांत पोस्ट गायब. मुळात माझ्या घरी पाणी स्वच्छ येत होतं, म्हणून मला तो फोटो कटकट वाटत होता.

तीन दिवसांनी आईने बादली दाखवली. तस्साच रंग.

मत मागे घ्यायला गेलो, तर लपवलेली पोस्टच सापडेना. कारण लिहायलाही जागा नव्हती. शेवटी काकींच्या दारात गेलो आणि म्हटलं, "काकी, ती पोस्ट मीच घालवली." त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, कोणी बघतच नाही." मग चहा ठेवला, विकतच्या जारमधल्या पाण्याचा.