‘स्नायू’चे अर्थांतर आणि खांद्याचा बंध

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे, तर हिंदकेसरी मारुती माने सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे. कुस्तीच्या ह्या प्रदेशात खांद्याच्या दुखापतीस ‘स्नायू तुटला’ किंवा ‘खांदा निखळला’ असे म्हटले जाते. ही दोन्ही वाक्ये संदिग्ध आहेत, आणि पहिल्याच्या संदिग्धतेचे मूळ शब्दाच्या इतिहासात आहे.

सुश्रुतसंहितेत पेशी ५०० व स्नायू ९०० सांगितले आहेत. तेथे ‘पेशी’ मांसाची असून ‘स्नायू’ हे मुख्यतः बांधणारे तंतू होत. फळ्या बंधांनी आवळलेली नौका जसा भार वाहते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार सोसते, असा दृष्टांतही तेथे आहे. अर्वाचीन मराठीत ‘पेशी’ सजीवाच्या सूक्ष्म घटकाकडे गेली, ‘स्नायू’ मांसाकडे वळला आणि मूळ अर्थासाठी ‘अस्थिबंध’ हा शब्द योजावा लागला. हिंदीत ‘मांसपेशी’ जुन्या अर्थाशी टिकून राहिली; बंगालीत ‘स्नायु’ मज्जातंतूचा वाचक झाला.

प्राचीनांनी ज्यास ‘अक्षक’ म्हटले, त्या गळ्याच्या हाडाचे बाहेरचे टोक खांद्याच्या फऱ्याच्या अंसकूटाशी जुळते. ह्या सांध्याचा प्रमुख आधार मात्र सांध्यापासून किंचित आत आहे. फऱ्याच्या अंसतुंडापासून अक्षकापर्यंत जाणाऱ्या ह्या बंधाचे दोन भाग आहेत : आतील शंक्वाकार व बाहेरील समलंबाकार. फरा आणि हात ह्यांचा भार त्यामुळे अक्षकावर तोलला जातो. खांद्याच्या टोकावर आपटून हा बंध तुटला, की हात खाली ओघळतो आणि अक्षक वर उचलल्यासारखे दिसते.

दंडाचे हाड खोबणीतून सुटणे ही ह्याहून वेगळी दुखापत होय. वरकरणी साम्यामुळे वैद्य फसतात, असा इशारा हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील सांध्यांवरील ग्रंथात आढळतो. पुढे गेलेनला कुस्ती खेळताना हीच इजा झाली व त्याने स्वतःच तिचे निदान केले. मराठीत दोहोंनाही ‘खांदा निखळणे’ म्हटले जाते. उपचार मात्र भिन्न आहेत.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे कार्य साताऱ्यातीलच वाई येथून चालले. परिभाषा सिद्ध करणे हे अशा कार्याचे एक अंग होय. परंतु जुन्या शब्दांचे अर्थांतर नोंदविणे हेही तितकेच आवश्यक आहे. अन्यथा सुश्रुतातील ‘स्नायू’ आजच्या अर्थाने वाचणारा विद्यार्थी बंधाच्या जागी मांस पाहील आणि नौकेचा दृष्टांत त्याला निरर्थक वाटेल.