तक्रारपेटीची किल्ली कुणाकडं?

शाळेतल्या सुरक्षेचे नियम कसे आले ते बघा. 2004 मध्ये तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून 94 मुलं गेली. सुप्रीम कोर्टाचा देशभरासाठी आदेश आला 2009 मध्ये. आपल्या राज्यात सखी सावित्री समितीचा जीआर मार्च 2022 चा. तरी ऑगस्ट 2024 ला बदलापूर घडलंच, आणि 21 ऑगस्टच्या जीआरमध्ये तीच समिती पुन्हा लिहावी लागली. कागद होता, अंमल नव्हता.

परवा आपल्याच भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो. तक्रारपेटी भिंतीवर, किल्ली कुणाकडं ते कुणालाच ठाऊक नाही!

जळगाव-धुळ्याच्या पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: पेटी शेवटची कधी उघडली?